दोष बाहेर येताना नव्हे, आत जाताना

पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केली की उत्तर येते ०.३०००००००००००००००४. संगणकाला बायनरीतून दशमानात नीट रूपांतर करता येत नाही, असा निष्कर्ष मग सर्रास काढला जातो. खरे तर या सगळ्या व्यवहारात निर्दोष असते ती तेवढी एकच पायरी. ३२ बिटांची एखादी संख्या घ्या. पहिला बिट चिन्हाचा, पुढचे ८ घातांकाचे, उरलेले २३ अपूर्णांकाचे. समजा चिन्ह ०, घातांक १०००००१०, आणि अपूर्णांक १०१०१, पुढे सगळी शून्ये. घातांकाचे बिट म्हणजे १३०. ठरलेले १२७ वजा केले की उरतात ३. अपूर्णांकाआधी न लिहिलेला १ गृहीत असतो, म्हणून १.१०१०१, बिंदू तीन घरे उजवीकडे नेला की ११०१.०१. आठ, चार, एक आणि पाव, म्हणजे १३.२५. कुठेही काही सांडले नाही, आणि सांडणारही नाही, कारण १० ला २ ने भाग जातो. निम्मे, पाव, अष्टमांश कितीही बारीक केले तरी दशमानात कुठेतरी संपतातच. उलट दिशेला मात्र ५ आडवा येतो. एक दशांश बायनरीत ०.०००११००११… असा न संपता चालतो, म्हणून ६४ बिटांत त्याच्या सर्वांत जवळची संख्या ठेवली जाते. ती दशमानात तंतोतंत लिहायची तर दशांश चिन्हापुढे ५५ अंक लागतात आणि ती ०.१ पेक्षा किंचित मोठी असते. चूक झाली ती आत शिरताना. बेरजेचे उत्तर पुन्हा ६४ बिटांत बसवताना तिच्यात थोडी भर पडली.

मग पडद्यावर नुसते ०.१ दाखवणे ही लपवाछपवी नाही का? नाही. परत वाचल्यावर नेमके तेच बिट मिळतील असे सर्वांत आखूड दशमान रूप छापायचे, हा त्यामागचा नियम. ६४ बिटांसाठी १७ सार्थ अंक नेहमी पुरतात, बहुधा कमीही चालतात. पायथॉनने २००९ मध्ये ३.१ आवृत्तीपासून हेच धोरण घेतले. त्याआधी तेथे ०.१०००००००००००००००१ असे दिसे. जास्त अंक म्हणजे जास्त प्रामाणिकपणा, हा भ्रमच. दुसरा आक्षेप वजनदार आहे: सरळ दशमानातच का मोजू नये? पैशांच्या हिशेबात तसेच करावे (किंवा रुपये सोडून पूर्णांकी पैसे मोजावेत, ते त्याहून सोपे), आणि १९८५ च्या आयईईई ७५४ मानकात २००८ मध्ये दशमान प्रकार आलेही. पण एक तृतीयांश तिथेही संपत नाही, आणि हवामानाच्या गणितात मूळ मोजमापच सतराव्या अंकापर्यंत अचूक नसते.