पायावरचे केस का गेले?

डोक्यावरचे केस गळू लागले की माणूस लगेच आरशापुढे उभा राहतो. तेल बदलतो. शिकेकाई आणतो. कोणी बाजारातून महागाची बाटली आणतो. पण पायावरचे केस गेले, तर कोण बघतो? कोणीच नाही. ज्याला मधुमेह आहे, त्याने मात्र डोक्याआधी पायाकडे बघावे. असे का, ते आज आपण समजून घेऊ.

मधुमेहाला कोणी साखरेचा रोग म्हणतात, कोणी नुसते 'शुगर' म्हणतात. हा रोग आता शहरातच राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची एक मोठी पाहणी 2023 साली प्रसिद्ध झाली. तिच्या हिशेबाने 2021 साली आपल्या देशात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह होता. तेव्हा तो आपल्या गावातही आहेच.

आधी केस म्हणजे काय ते पाहू. केस हे एक पीकच आहे. कातडी ही त्याची जमीन. कातडीच्या आत केसाचे मूळ असते. त्या मुळाला अन्न नि प्राणवायू रक्तातून मिळतो. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो. काही वर्षे वाढला की दोन-तीन महिने विसावा घेतो, आणि मग गळतो. त्याच जागी नवा उगवतो. म्हणून रोज 50 ते 100 केस गळाले तरी भिऊ नये. हे सर्वांचेच होते.

आता पाटाचे पाणी डोळ्यांपुढे आणा. पाटात गाळ साचला, तर आधी कोणाचे शेत सुकते? अगदी टोकाला असलेल्याचे. आपल्या शरीरात रक्तवाहिन्या म्हणजे पाट. हृदय त्यांतून रक्त ढकलते. पाय हे टोकाचे शेत. रक्तात वर्षानुवर्षे साखर जास्त राहिली, की रक्तवाहिन्यांना आतून इजा होते. तिथे चरबीचा थर बसतो. वाट अरुंद होते. बिडी ओढणाऱ्याची वाट आणखी लवकर बुजते. मग पायाला रक्त कमी पडते. केसाच्या मुळाला पोट भरेल एवढे मिळत नाही. नडगीवरचे आणि पायाच्या बोटांवरचे केस विरळ होतात. पुढे ते जातातच.

यावर कोणी म्हणेल, "गुरुजी, पायावरचे केस गेले तर गेले. त्यांचे काय लोणचे घालायचे आहे?"

बरोबर आहे. केसांवाचून काही अडत नाही. पण पीक सुकले म्हणजे पाटाला पाणी नाही, हे शेतकऱ्याला कळते. तसेच हे आहे. केसाला जे रक्त मिळत नाही, ते जखमेलाही मिळत नाही. उद्या त्याच पायाला ठेच लागली, तर ती भरणार कशी? जखम चिघळते. पू होतो. मांस काळे पडते. कधी बोट कापावे लागते, कधी पाय. सगळी हानी इथे आहे, केसात नाही.

मात्र घाई करू नका. वय झाले की पायावरचे केस काहींचे आपोआप कमी होतात. काहींना ते आधीपासूनच कमी असतात. म्हणून एकट्या केसावरून काही ठरवू नये. सोबत आणखी खुणा आहेत का ते बघा. पाय हाताला गार लागतो का? कातडी पातळ नि चकचकीत झाली आहे का? थोडे चालले की पोटरी दुखते, आणि थांबले की बरे वाटते, असे होते का? जखम दोन आठवड्यांत भरत नाही का? यांतले काही असेल, तर डॉक्टरांना पाय दाखवा. पायाची नाडी लागते की नाही, हे ते हाताने पाहतात.

दुसरी एक गोष्ट. मधुमेहात पायाच्या नसाही मंदावतात. मुंग्या येतात, आग होते, आणि पुढे पाय बधिर होतो. मग काटा रुतला तरी कळत नाही. चपलेत खडा असला तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस म्हणतो, "मला काही झालेले नाही." न दुखणारी जखमच इथे जास्त वाईट.

आता डोक्याकडे येऊ. मधुमेहाने डोक्यावरचे केस गळतात का? काही वेळा गळतात. साखर फार वाढली, वजन झपाट्याने उतरले, तर शरीरावर ताण पडतो. पुष्कळ केस एकदमच विसाव्याला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. साखर ताब्यात आली की हे केस बहुधा परत येतात.

कधी डोक्यावर किंवा दाढीत रुपयाएवढा गोल डाग पडतो. तिथले केस साफ जातात. याला आपण चाई म्हणतो. किडा केस खातो, असे लोक समजतात. तसे नाही. शरीराचे रक्षण करणारी शक्तीच चुकून केसाच्या मुळावर हल्ला करते. लहान वयात इन्सुलिन घ्यावे लागते तो मधुमेह अशाच चुकीतून होतो. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचे काही आजारही असेच. म्हणून एकाच माणसात यांतले दोन रोग कधी कधी आढळतात. पण चाई पडली म्हणजे मधुमेह झालाच, असे समजू नये.

टक्कल वडिलांकडून किंवा आईकडून येते. मोठ्या तापानंतर, बाळंतपणानंतर आणि अंगात रक्त कमी असले तरी केस गळतात. 2024 च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या काही गावांत थोड्या दिवसांत कित्येकांचे केस गेले. तिथे मधुमेहाचा काही संबंध नव्हता. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपास करून, खाण्यातल्या गव्हात सेलेनियम नावाचे खनिज फार असल्याचे सांगितले. सांगायचे एवढेच, की कारण शोधल्यावाचून तेलावर पैसे घालू नयेत.

कारण शोधायचे तर रक्त तपासा. उपाशीपोटी साखर 100 च्या आत असावी. 100 ते 125 म्हणजे धोक्याची वेस. 126 किंवा त्याहून जास्त आली, तर डॉक्टर पुन्हा तपासून मधुमेह आहे की नाही ते पक्के करतात. वय 30 च्या पुढे असेल, तर सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी करून घ्या. आशाताईंना विचारा, त्या वाट दाखवतील. गोळी चालू असेल आणि केस गळत असतील, तर आपल्या मनाने गोळी बंद करू नका. डॉक्टरांना सांगा.

आणि पायाची राखण अशी करा. रोज पाय धुवा. पाणी फार गरम नको. ते आधी कोपराने पाहा, किंवा घरच्या माणसाला पाहायला सांगा. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. शेतात काय, अंगणात काय, अनवाणी हिंडू नका. पायात घालण्याआधी चप्पल झटका. थंडीत पाय शेकोटीजवळ नेऊ नका. कुरूप झाले तर ब्लेडने कापू नका. बिडी सोडा.

रात्री निजण्याआधी दिव्याच्या उजेडात दोन्ही पाय बघा. तळवा दिसत नसेल, तर खाली आरसा धरा. डोळ्यांना कमी दिसत असेल, तर नातवाला बोलवा. "बघ रे, कुठे लाल आहे का, कुठे चीर आहे का?" एवढेच त्याला विचारा. काही दिसले, तर दुसऱ्या दिवशीच दवाखाना गाठा. आठवडी बाजाराची वाट बघू नका.