वार्धक्यातील सांधेदुखी : सोसावी की सांभाळावी?

रविवारच्या मिस्सेला शेवटच्या दोन बाकांवर कोण बसते, याकडे आम्ही कधी फारसे लक्ष दिले नव्हते. उशिरा येणारे आणि लवकर निघणारे लोक तेथे बसतात, असाच आमचा समज होता. पावसाळ्यातील एका रविवारी बेळगावच्या एका चर्चमध्ये आम्हांसच उशीर झाला आणि त्या बाकांवर बसण्याची पाळी आली. सारी मंडळी गुडघे टेकून असता आमच्या शेजारचे सात-आठ वृद्ध स्त्रीपुरुष बाकाच्या कडेला कसेबसे टेकले होते. पुढचे बाक दोन्ही हातांनी घट्ट धरून, मान खाली घालून ते होते. ते धड बसलेले नव्हते आणि त्यांचे गुडघेही टेकलेले नव्हते.

त्यांतील एक माई आमच्या जुन्या परिचयाच्या. मिस्सा संपल्यावर आम्ही सहज विचारले, "माई, पूर्वी तुमची जागा पहिल्या बाकावर असे. आता इतक्या मागे कशा?"

माई हसून म्हणाल्या, "पुढे बसले की सगळ्यांना दिसते हो, मला गुडघे टेकता येत नाहीत ते."

सांधेदुखीबरोबर येणारी लाज आम्हांस त्या दिवशी प्रथम दिसली. नाताळच्या सुमारास कळले की माईंनी चर्चला येणेच सोडले आहे. आम्ही घरी गेलो, तेव्हा त्या खिडकीशी खाटेवर बसून होत्या. पाय सुजले होते. घरातील माणसे चांगली, प्रेमळ. मुलगा म्हणाला, "वय झाले, तिला विश्रांती देतो. दुखले की गोळी देतो." पुष्कळ घरांत हेच चालते. या दोन्ही उपायांत किती धोका आहे, हे त्या घराला पुढे कळले. ते आमच्या वाचकांस आधी कळावे, एवढ्यासाठी हा लेख.

प्रथम सांध्याची रचना समजून घेऊ. जेथे दोन हाडे एकमेकांस भेटतात, तेथे त्यांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो आणि मधल्या पोकळीत चिकटसर द्रव असतो. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. मनुष्य चालू लागला म्हणजे ती स्पंजासारखी दाबली जाते आणि पुन्हा फुगते. त्या दाबण्या-फुगण्यातूनच तिला त्या द्रवातील पोषण मिळते. वाढत्या वयात हा थर झिजतो, हाडाच्या कडांना टोके फुटतात, सांध्याचे अस्तर सुजते आणि भोवतीचे स्नायू दुबळे होतात. यालाच सर्वसाधारणपणे झिजेचा संधिवात म्हणतात. परंतु 'झीज' या शब्दाने गैरसमज होतो. यंत्राचा भाग वापरल्याने झिजतो, म्हणून तो कमी वापरावा, हा हिशेब येथे लागू पडत नाही. सांधा जिवंत आहे. न वापरलेल्या सांध्याची उपासमार होते.

हा विकार नवा नव्हे. चरकसंहितेत वातव्याधींच्या प्रकरणात सांध्यांच्या या दुखण्याचे वर्णन आहे; सुजलेला सांधा हातास वाऱ्याने भरलेल्या कातडी पिशवीसारखा लागतो, असे तेथे सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे 2019 साली जगात सुमारे 52 कोटी 80 लक्ष लोकांना हा संधिवात होता. त्यांतील साठ टक्के स्त्रिया होत्या आणि जवळजवळ तीन-चतुर्थांश लोक पंचावन्न वर्षांवरील होते. सर्वांत अधिक पीडा गुडघ्यांची. सुमारे 36 कोटी 50 लक्ष लोकांचे गुडघेच धरलेले होते. म्हणजे शेवटच्या बाकावरील माई एकट्या नाहीत.

मात्र प्रत्येक सांधेदुखी एकाच जातीची नसते, आणि हा भेद प्रत्येक घराने जाणला पाहिजे. झिजेच्या संधिवातात सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. दुखणे चालण्याने व चढउताराने वाढते आणि बसल्यावर कमी होते. उलट, सकाळी तासभर वा त्याहून अधिक वेळ बोटे वळत नसतील, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजत असतील आणि थकवा येत असेल, तर तो आमवात असण्याचा संभव आहे. त्यात शरीराची संरक्षक शक्तीच सांध्यांवर उलटते. त्यावर आज परिणामकारक औषधे आहेत. परंतु ती पहिल्या काही महिन्यांतच सुरू झाली, तर सांधे वाकडे होण्यापासून वाचण्याची आशा अधिक. तेथे 'वय झाले' म्हणून थांबणे म्हणजे हातची संधी दवडणे होय. आणि एखादा सांधा एकाएकी लाल, गरम होऊन सुजला व ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उद्याची वाट पाहू नये.

आता माईंच्या घराकडे वळू. माईंना विश्रांती देण्यात मुलाची माया होती. पण सहा महिन्यांच्या विश्रांतीने मांडीचे स्नायू बारीक झाले. हे स्नायू म्हणजे गुडघ्याचे आधारस्तंभ. ते ढिले पडले की सगळा भार सांध्यावर येतो, दुखणे वाढते, माणूस आणखी कमी हलतो, आणि स्नायू आणखी सुकतात. या चक्रात शिरलेला मनुष्य शेवटी खाटेला लागतो, आणि घरचे त्यास वार्धक्य म्हणतात.

गोळ्यांची कथा याहून वाईट. डॉक्टरांनी एकदा आठ दिवसांसाठी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी तीच चिठ्ठी दाखवून आठ महिने आणली गेली. या जातीच्या गोळ्या सूज उतरवतात हे खरे. परंतु वृद्ध माणसाने त्या रोज घेतल्या, तर जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडांवर ताण पडतो. माईंच्या पायांची सूज संधिवाताची नव्हतीच. रक्त तपासले, तेव्हा मूत्रपिंडांचे काम मंदावलेले निघाले. डॉक्टरांनी गोळ्या तत्काळ थांबवल्या, आणि सुदैवाने हानी बऱ्याच अंशी भरून आली. प्रत्येकाचे दैव असे नसते. बाजारात व जत्रेत मिळणाऱ्या निनावी पुड्यांविषयीही सावध असावे. त्यांपैकी काहींत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. त्याने दोन दिवसांत आराम पडतो आणि दोन वर्षांत हाडे पोकळ होतात.

मग करावे काय? उपाय साधे आहेत. चिकाटी मात्र हवी. पहिला उपाय हालचालीचा. खुर्चीवर ताठ बसून एक पाय समोर सरळ करावा, मांडी घट्ट करून पाच अंक मोजेपर्यंत तसाच धरावा, हळूच खाली आणावा. दहा वेळा एक पाय, दहा वेळा दुसरा. हाताचा आधार घेऊन खुर्चीवरून उठावे व बसावे. प्रथम पाच वेळा, पुढे दहा. सपाट जागी दहा मिनिटे चालावे आणि दर आठवड्याला थोडे वाढवावे. व्यायामाने थोडे दुखले तर भिण्याचे कारण नाही. दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेलेच राहिले, तर आदल्या दिवशी प्रमाण जास्त झाले असे समजून ते कमी करावे, पण सोडू नये. सहा ते आठ आठवड्यांत फरक कळू लागतो.

दुसरा उपाय वजनाचा. स्थूल माणसाने एक किलो वजन उतरवले, तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे मोजून पाहिलेले आहे. तिसरा काठीचा. काठी दुखऱ्या बाजूच्या हातात नव्हे, तर विरुद्ध हातात धरावी. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. आम्ही पाहिलेल्या दहांपैकी निदान सहा माणसे ती उलट धरतात. चौथा उपाय घराचा. जमिनीवरील बैठक, उकिडवे बसून केलेले काम आणि खाली बसण्याचा संडास ही आपल्या घरांतील रीत. दुखऱ्या गुडघ्याला हीच तीन स्थाने अवघड. उंच खुर्ची, कमोड, न्हाणीघरात भिंतीला एक भक्कम दांडी आणि रात्री दिवा, एवढ्याने वृद्ध माणसाचा दिवस बदलतो.

इतके करूनही झोप लागत नसेल आणि घरातल्या घरात चालणेही अशक्य झाले असेल, तर सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर आपल्या सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये मर्यादा घातल्यापासून हा उपचार पूर्वीपेक्षा अधिक कुटुंबांच्या आवाक्यात आला आहे. मात्र केवळ क्ष-किरण चित्र पाहून घाई करू नये. चित्रात फार झीज दिसूनही कमी दुखणारी माणसे आहेत, आणि थोडी झीज असून फार दुखणारीही.

याचे कारण असे की, वेदना केवळ हाडात नसते. दीर्घकाळ दुखत राहिले म्हणजे मज्जासंस्थाच हळवी होते. थोड्या स्पर्शाचीही मोठी कळ होते. निद्रानाश, चिंता आणि एकटेपणा यांनी ती आणखी वाढते. 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषागृह उघडणाऱ्या सिसिली साँडर्स या विदुषीने मरणपंथाला लागलेल्या रोग्यांची सेवा करताना 'समग्र वेदना' ही कल्पना मांडली. शरीराचे दुखणे, मनाचे दुखणे, नात्यागोत्यांतील दुखणे आणि आत्म्याचे दुखणे ही एकत्रच असतात, असे तिने सांगितले. माईंच्या गुडघ्यालाही हे लागू पडते. पहिल्या बाकावरची जागा गेली, शेजारणींची भेट गेली, भाकरी थापणे गेले. आणि त्या प्रत्येक जाण्याबरोबर कळ वाढत गेली.

या संदर्भात फ्रेंच चित्रकार रेन्वार याची आठवण होते. 1892 च्या सुमारास, वयाच्या पन्नाशीत, त्याला आमवाताने गाठले. त्या काळी त्यावर औषध नव्हते. हाताची बोटे आत वळली. नखे तळव्यात रुतू नयेत म्हणून हातांना कापडाच्या पट्ट्या बांधाव्या लागत. पुढे तो चाकांच्या खुर्चीत आला. घरचे माणूस त्याच्या हातात कुंचला बसवून देई आणि तो रंगवीत असे. मोठे चित्र हात पोहोचेल तेथे यावे म्हणून कापड रुळांवर गुंडाळण्याची सोय केली होती. बोटे हलती राहावीत म्हणून तो लहान चेंडू उडवून झेलण्याचा खेळ करी. 1919 साली मृत्यू येईपर्यंत तो काम करीत राहिला. त्याच्या धैर्याचे कौतुक सर्व जण करतात. आम्हांस त्याच्या घराचेही कौतुक वाटते. त्या घराने त्याला 'आता पुरे' म्हटले नाही. त्याचे काम त्याच्या हातापर्यंत आणून दिले.

आमच्या श्रद्धाळू वाचकांच्या मनात एक शंका येईल. दुःख निमूटपणे सोसणे हा सद्गुण नव्हे काय? पुष्कळ वृद्ध माणसे याच विचाराने आपले दुखणे लपवतात. ज्याला आपली वेदना प्रभूला अर्पण करावयाची आहे, त्याने ती अवश्य करावी. परंतु 24 फेब्रुवारी 1957 रोजी भूलतज्ज्ञ डॉक्टरांसमोर केलेल्या भाषणात पोप बारावे पायस यांनी हाच प्रश्न हाताळला आणि वेदनेवर उपाय नाकारण्याचे बंधन ख्रिस्ती माणसावर सर्वसाधारणपणे नाही, असे स्पष्ट केले. गुडघे टेकण्याविषयीही मिस्साविधीच्या नियमांतच प्रकृतीच्या कारणास्तव सवलत दिलेली आहे. पोप फ्रान्सिस यांचा गुडघा दुखू लागला, तेव्हा 2022 च्या मे महिन्यापासून ते सर्व जगासमोर चाकांच्या खुर्चीतून येऊ लागले. त्यांनी आपले दुखणे पडद्याआड ठेवले नाही. मग आमच्या माईंनी शेवटच्या बाकामागे का लपावे?

माईंच्या घरी पुढे काय झाले ते सांगून हा लेख पुरा करू. डॉक्टरांनी जपून घ्यावयाची साधी गोळी व वर लावावयाचे मलम दिले आणि व्यायाम शिकवला. सूनबाईंनी सकाळचा चहा होताच, "माई, पाय सरळ करायचे ना?" असे विचारण्याचा नेम धरला, आणि काही दिवसांनी स्वतःही शेजारी खुर्ची घेऊन बसू लागल्या. ओट्यापाशी एक उंच स्टूल आले. त्यावर बसून माई पुन्हा भाज्या निवडतात आणि सुनेच्या फोडणीत चुका काढतात. गुडघे बरे झालेले नाहीत. पावसात अजून दुखतात. जिना एकेक पायरीने चढावा लागतो. परंतु पाम संडेला माई काठी टेकीत चर्चला आल्या, काठी योग्य हातात होती, आणि पहिल्या बाकाच्या कडेला ठेवलेल्या खुर्चीवर त्या बसून राहिल्या. मंडळींनी गुडघे टेकले, तेव्हाही त्या बसूनच होत्या, आणि त्यांची मान खाली नव्हती.

वाचकहो, येत्या रविवारी आपल्या चर्चमधील शेवटच्या बाकांकडे एकदा वळून पाहा. आणि त्याहून आधी, आपल्या घरातील खिडकीजवळच्या खाटेकडे पाहा. तेथे बसलेल्या माणसाला, "आज कुठे दुखते?" एवढे विचारून थांबू नका. "आज काय करावेसे वाटते?" हेही विचारा, आणि ते काम त्यांच्या हातापर्यंत कसे नेता येईल ते पाहा.