सॉफ्टवेअर चौर्याचे समर्थन

परवान्याविना सॉफ्टवेअरची नक्कल करणे किंवा अशी नक्कल वापरणे म्हणजे सॉफ्टवेअर चौर्य होय. एरवी नियम पाळणारी माणसेही येथे सबबी पुढे करतात: ‘मूळ प्रत नाहीशी होत नाही’, ‘कंपनी श्रीमंत आहे’, ‘सगळेच वापरतात’. अपराधापूर्वीच्या अशा सबबींचे विवेचन ग्रेशम साइक्स व डेव्हिड मात्झा या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये केले. पुण्यात विकसित झालेल्या श्रीलिपीसारख्या, भारतीय लिपींच्या सॉफ्टवेअरची बाजारपेठ मर्यादित असते; तेथे विक्री घटल्यास नव्या अक्षरसंचांची निर्मितीच खुंटू शकते. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ६३ब नुसार अनधिकृत प्रतीचा जाणीवपूर्वक वापर हा सात दिवस ते तीन वर्षे कारावासाचा अपराध आहे. लिब्रेऑफिस आणि ‘मुक्ता’ हा देवनागरी टंक हे विनामूल्य व वैध पर्याय होत.