न झालेल्या जखमांचा हिशेब

रुग्णालयातल्या वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेचे यश बहुतेक वेळा न घडलेल्या गोष्टींत असते. महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या आजींच्या पाठीला जखम झाली नाही, रात्री लघवीला उठलेले बाबा पडले नाहीत, नाकातल्या नळीने दिलेले पातळ अन्न श्वासनलिकेत गेले नाही. शस्त्रक्रिया यशस्वी झाली की तिची नोंद होते, बातमीही होते. न झालेल्या जखमेचा रकाना मात्र कोणत्याही रजिस्टरात नसतो. तीस-पस्तीस वर्षे हे काम केलेल्या सिस्टरच्या निरोप समारंभात शाल-श्रीफळ देऊन ‘सेवाभावी’, ‘मनमिळाऊ’ असे शब्द वापरले जातात. तिच्या कौशल्याविषयी क्वचितच कोणी बोलते, आणि खरा सन्मान तर त्या कौशल्याचा व्हायला हवा.

बुलढाणा जिल्ह्यात या कामाला स्थानिक रंग आहे. तेरा तालुके आणि 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 25 लाख 86 हजार लोकसंख्या असलेला हा जिल्हा मुख्यतः शेतीवर जगतो. त्याच जनगणनेत महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठीपुढच्या माणसांचा वाटा 9.9 टक्के होता, देशाचा 8.6 टक्के. तरुण मुले पुण्या-मुंबईकडे गेलेली आणि म्हातारी माणसे गावात, हे चित्र इथे नवे नाही. रुग्णासोबत कोण राहणार, हा प्रश्न पेरणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत अधिकच बिकट होतो. लेक-सून सकाळी डबा देऊन शेतावर जातात आणि संध्याकाळपर्यंत रुग्णाचे सगळे सिस्टरवर येते. उत्तरेकडे पूर्णेच्या खोऱ्यात संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागात खारपाणपट्टा आहे. तिथल्या क्षारयुक्त पाण्याची आणि मूत्रपिंडाच्या आजारांची चर्चा गेली अनेक वर्षे चालू आहे. अशा आजाराचा वृद्ध रुग्ण दाखल झाला की त्याने किती पाणी प्यायले आणि किती लघवी झाली, याचे माप पाळीपाळीने लिहावे लागते. विदर्भातल्या वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात तर हे माप जिवावरचे असते, कारण उतारवयात तहानेची जाणीवच मंदावते. पाणी मागितले नाही म्हणजे तहान नाही, असे समजणारी परिचारिका या कक्षात चुकेल.

शय्याव्रण, म्हणजे सततच्या दाबाने होणारी जखम, ही वृद्ध शुश्रूषेची खरी कसोटी. माकडहाड, टाच, खुबा या जागी हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा दाबली जाते, रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत ऊती मरू लागतात. वृद्धांची त्वचा पातळ, मांस झडलेले, त्यात ओलावा. म्हणून धोका अधिक. ब्रिटनमधल्या परिचारिका डोरीन नॉर्टन यांनी याच प्रश्नावर आयुष्य वेचले. वृद्धांच्या कक्षातले काम त्या काळी दुय्यम मानले जाई. रुग्णांच्या पाठीला स्पिरिट, मलम, पावडर चोळण्याची रीत होती आणि तिला कोणी आव्हान दिले नव्हते. नॉर्टन, मॅक्लारेन आणि एक्स्टन-स्मिथ यांचा रुग्णालयातील वृद्ध शुश्रूषेवरचा अभ्यास 1962 मध्ये प्रसिद्ध झाला. चोळण्याचा फारसा उपयोग नाही, दर दोन-तीन तासांनी कूस बदलण्याचा आहे, हे त्यातून पुढे आले. याच अभ्यासातून नॉर्टन मोजपट्टी जन्मली. शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, चालणे-फिरणे, अवयवांची हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा या पाच बाबींना प्रत्येकी 1 ते 4 गुण दिले जातात, एकूण 20. बेरीज 14 किंवा त्याहून कमी आली की धोका आहे असे समजायचे. कागद, पेन आणि पारखी नजर एवढ्यावर ही मोजपट्टी चालते, म्हणून तालुक्याच्या रुग्णालयातही ती वापरता येते. अनुभवी सिस्टर चादर बदलतानाच पाचही बाबी पाहून घेते; नॉर्टन यांनी त्या नजरेला आकडा दिला.

दुसरे अवघड काम म्हणजे अचानक येणारा भ्रम. दिवसभर नीट बोलणारे बाबा रात्री पलंगावरून उतरू लागतात, सलाइन ओढून काढतात, घरच्यांना ओळखत नाहीत. नातेवाईक म्हणतात, ‘म्हातारचळ लागला.’ पण त्यामागे अनेकदा मूत्रमार्गाचा संसर्ग, रक्तातले सोडियम घटणे, तुंबलेली लघवी किंवा नवे औषध असते. हे डॉक्टरांच्या फेरीआधी ओळखणारी व्यक्ती म्हणजे रात्रपाळीची परिचारिका. गावाकडून आलेल्या औषधांच्या पिशवीत एकाच घटकाच्या दोन-तीन नावांच्या गोळ्या सापडणे, कवळी किंवा चष्मा घरी राहिल्याने रुग्ण जेवत नाही किंवा गोंधळतो हे लक्षात येणे, हेही तिच्याच वाट्याचे.

कायद्याने या कामाला आधार दिला आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, 2007 मधील कलम 20 नुसार शासकीय रुग्णालयांनी शक्य तिथवर सर्व ज्येष्ठांना खाटा द्याव्यात, त्यांची रांग वेगळी असावी. 2010-11 मध्ये वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्याला बाह्यरुग्ण तपासणी आणि उपकेंद्रातून घरी खिळलेल्यांना भेट अशी रचना आहे. दहा खाटांसाठी सहा परिचारिका धरलेल्या होत्या. तीन पाळ्या, साप्ताहिक सुटी आणि रजा वजा केल्या की रात्री एकच उरते. त्या एकटीने दहा जणांची कूस दोन-दोन तासांनी बदलायची, हे गणित कागदावर मांडून पाहिले तरी कामाचा भार समजतो.

शासकीय सेवेत अधिपरिचारिका, परिसेविका, सहाय्यक अधिसेविका, अधिसेविका अशी चढती पदे आहेत. मात्र वर चढावे तसे खाटेपासून अंतर वाढते, कारण परिसेविकेपासून पुढे साठा, ड्युटी-तक्ता आणि अहवाल हाती येतात. राष्ट्रीय स्तरावर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 1973 मध्ये सुरू केलेला फ्लोरेन्स नाईटिंगेल पुरस्कार सर्वांत मानाचा. तो राष्ट्रपतींच्या हस्ते दिला जातो आणि सहाय्यक परिचारिका-प्रसाविका (एएनएम) व आरोग्य अभ्यागत यांनाही मिळू शकतो. गावोगाव फिरणाऱ्या एएनएमचा त्यात समावेश आहे, ही या पुरस्काराची खरी मोठी गोष्ट. नाईटिंगेल यांचा जन्म 12 मे 1820 चा. तोच दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो आणि जिल्ह्याजिल्ह्यांत सत्कार होतात.

न झालेल्या जखमेचा सर्वांत मोठा सन्मान मात्र कोणत्याही पुरस्कार समारंभात झालेला नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिका 1973 पासून निश्चल अवस्थेत होत्या. पिढ्या बदलल्या, जुन्या सिस्टर निवृत्त झाल्या, नव्या आल्या, पण शुश्रूषेत खंड पडला नाही. त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवरील 7 मार्च 2011 च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने, इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाला नाही, याची नोंद घेऊन केईएमच्या कर्मचाऱ्यांचा गौरव केला; अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकारही रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांकडे असल्याचे मानले. 18 मे 2015 रोजी, वयाच्या 66 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. एका न झालेल्या जखमेला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात जागा मिळाल्याचे दुसरे उदाहरण आठवत नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत बुलढाण्याचेही होते. भारतीय परिचर्या परिषदेचा वृद्ध शुश्रूषेचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रमही आहे. राज्याच्या सेवेतली परिचारिका 58 व्या वर्षी निवृत्त होते, म्हणजे ज्येष्ठ नागरिक म्हणून गणली जाण्याच्या दोन वर्षे आधी, हातातले कौशल्य शिगेला असताना. महाविद्यालय जिल्ह्यात आले आहे. अशा निवृत्त सिस्टरांना मानधन देऊन विद्यार्थ्यांना कूस बदलणे, टाचा तपासणे, भ्रम ओळखणे शिकवायला बोलावणे, हा त्यांचा सर्वांत सार्थ सत्कार ठरेल, आणि त्यासाठी नव्या इमारतीची वाट पाहण्याचेही कारण नाही.