शिवेवरून पानिपत

इतिहास आणि आजचे जग यांची सरमिसळ करणारी अद्भुतकथा हाती आली की आपला वाचक बहुधा दोन वाटांनी भरकटतो. एक तर तो चुका काढीत बसतो, नाही तर इतिहासात हुकले ते येथे लाभले म्हणून सुखावतो. डॉ. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा प्रथम वाचली तेव्हा मी दुसऱ्या वाटेला लागलो होतो. १४ जानेवारी १७६१ चा घाव मराठी मनात अद्याप ओला आहे. 'मराठे जिंकले' एवढे दिसताच पुढच्या ओळी मी भराभरा उरकल्या!

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर एका निराळ्याच हिंदुस्थानात जाऊन पडतात. तेथे पानिपत मराठ्यांनी जिंकलेले आहे. मात्र मुंबई अजून इंग्रजांच्या हाती आहे. ग्रंथालयात ते इतिहास चाळू लागतात आणि वाट कोठे फुटली ते त्यांना सापडते : विश्वासरावांवरची गोळी कानाजवळून निघून गेली. आपल्या इतिहासात ती लागली. विश्वासराव पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून गर्दीत शिरले, आणि धनी दिसेनासा होताच फौजेचा धीर सुटला. लेखकाने मुळात बदलले ते एवढेच, आणि अशा कथेच्या वाचकाने आधी हाच सांधा शोधावा. तो सापडला की पुढचे सारे त्यातून निघते की नाही, हे ताडून पाहता येते.

येथे मला लेखकाशी थोडे भांडावेसे वाटते. लढाईच्या आधी छावणीत अन्नान्नदशा झाली होती, रसद तुटली होती. अब्दालीने ताज्या दमाची फौज राखून ठेवली होती. गोळी चुकल्याने उपाशी पोटे कशी भरणार? पण हे भांडण करता येते ते खरा इतिहास ठाऊक असला तरच. ज्याला तो ठाऊक नाही त्याला ही नुसती गंमत, किंवा त्याहून वाईट म्हणजे खरी हकीकत वाटेल. कथेतले गंगाधरपंत सभेतली अध्यक्षाची रिकामी खुर्ची पाहून तीत जाऊन बसतात आणि श्रोत्यांचा मार खातात. आमच्या व्याख्यानमालेच्या अध्यक्षांनी हे पान सवडीने वाचावे.

कथेच्या इंग्रजी रूपात पुण्याहून मुंबईस येणारी गाडी लांब बोगद्यापलीकडे 'सरहद' नावाच्या लहानशा स्थानकावर थांबते आणि परवाने तपासले जातात. शीवकरांनी तेथे अंमळ थबकावे. शीव म्हणजेच सरहद. आपल्या टेकडीवरचा किल्ला आंजियरच्या कारकिर्दीत, १६६९ ते १६७७ च्या दरम्यान, कंपनीची परळ आणि पोर्तुगीजांची साष्टी यांच्या हद्दीवर उभा राहिला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत वसई पडली, साष्टीही मराठ्यांकडे आली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी त्यांच्याकडेच राहिली.

म्हणजे पानिपतावर ती गोळी सुटली त्या दिवशी मुंबईची खरी सरहद कोणत्याही बोगद्यापलीकडे नव्हती. ती येथे होती. किल्ल्यावरच्या कंपनीच्या पहारेकऱ्याला खाडीपलीकडे दिसे तो मुलूख पेशव्यांचा होता.