फॉरवर्ड करण्याआधी वेळ बघा

22 जुलै 2021. सावित्रीचं पाणी महाडात शिरलं, तळियेत दरड कोसळली. मी पुण्यात, बीटेकच्या शेवटच्या वर्षाला. घरचा फोन लागेना. मग रात्रभर ‘अमुक गच्चीवर माणसं अडकलीत’ असले मेसेज फॉरवर्ड करत बसलो. तेवढंच हातात होतं ना! नंतर कळलं, त्यातली काही माणसं कधीच खाली उतरली होती, मेसेज मात्र फिरतच होता.

आता मी आधी तारीख-वेळ बघतो, पाठवणाऱ्याला विचारतो. अडकलेल्याला फोन नाही, त्याची बॅटरी संपते. मदत पोचली की तेही टाकतो.

पोलादपूरचा मावसभाऊ सध्या इंजिनिअरिंगला आहे. पाऊस वाढला की ग्रुपवर जागा. म्हणतो, “दादा, झोपच लागत नाही.” त्याला टेली-मानसचा नंबर दिलाय, 14416. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.