मावळ्याच्या पायाखालचं चुंबक

हा भाग ऐकताना बऱ्याच जणांना हातातली वस्तू दिसत नसल्यामुळे गोंधळ होतो, म्हणून बोलणं थोडं साफसूफ करून इथे लिहून ठेवतोय. विषय तसा छोटा आहे. टेबलवरच्या युद्धखेळात दोन-तीन सेंटिमीटर उंचीचे सैनिक एका ट्रेवर रांगेत उभे करायचे, ट्रे उचलला तरी ते पडायचे नाहीत आणि हवा तेव्हा एकेक सैनिक सहज काढता आला पाहिजे. एवढंच. पण यातल्या शेवटच्या दोन अटी एकमेकींच्या विरोधात आहेत, आणि सगळी मजा तिथेच आहे.

आधी ट्रे कशाला लागतो ते सांगतो. आमच्या टेबलवर वडगावची लढाई आहे, म्हणजे आपल्या मावळातलीच. राघोबादादांना पेशवाईच्या गादीवर बसवायला मुंबईकर इंग्रजांची फौज डिसेंबर १७७८ मध्ये बोरघाट चढून खंडाळ्याला आली. सोबत हजारो बैल, तोफा आणि रसद. मराठ्यांनी समोरासमोर एक मोठी लढाई दिलीच नाही. चारा जाळला, वाटेत छापे घातले, तळेगाव रिकामं करून पेटवून दिलं. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला, ज्याला आपल्याकडे इष्टुर फाकडा म्हणतात. ९ तारखेला फौज तळेगावला पोचली. पुढे पुण्याला जायची हिंमत झाली नाही. ११ च्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून ते गुपचूप मागे फिरले आणि वडगावला महादजी शिंद्यांच्या सैन्याने त्यांना घेरलं. लोणावळा लोकलमध्ये खिडकीशी बसलात तर हे सगळं रणांगण मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव असं स्टेशनांच्या क्रमाने डोळ्यांसमोरून जातं. लोकलला पाऊण तासही लागत नाही, त्या फौजेला घाट चढून तळेगाव गाठायला दोन आठवड्यांच्या वर लागले.

आता हे टेबलवर आणताना कंपनीचे शिपाई रांगांमध्ये, चौकोनी तुकड्यांत चालतात. एका तुकडीत वीस शिपाई धरले आणि प्रत्येक चालीला एकेक हलवायचा म्हटलं तर संध्याकाळ त्यातच जाते. म्हणून अख्खी तुकडी एका ट्रेवर. (१८२४ साली प्रशियात जो युद्धखेळ सैन्याने स्वीकारला, त्यात सुटे शिपाई नव्हतेच, तुकडीला एकच ठोकळा असायचा. त्यांचं बरं होतं.) आपल्याला मात्र माघारीत पिछाडीचे शिपाई एकेक करून कमी होताना दिसायला हवेत, कारण या लढाईची गोष्टच ती आहे. कॅप्टन हार्टलेची पिछाडी मागे वळून लढत राहते आणि ट्रेवरच्या जागा रिकाम्या होत जातात. सगळे शिपाई ट्रेला फेविक्विकने चिकटवले तर हा खेळच उरत नाही.

म्हणून चुंबक. आणि पहिला नियम: दोन्हीकडे चुंबक लावू नका. शिपायाच्या बेसखाली चुंबक आणि ट्रेवर लोखंडी पत्रा, किंवा उलटं. दोन्हीकडे चुंबक घेतले की प्रत्येकाचा ध्रुव तपासत बसावं लागतं. एक जरी उलटा चिकटला तर तो शिपाई आपल्या जागेवर उभा राहायला साफ नकार देतो. पत्र्याला ध्रुव नसतो, कुठलीही बाजू चालते. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस साधा ठेवा. म्हणजे आजचा शिपाई उद्या दुसऱ्या ट्रेवर, दुसऱ्या मित्राच्या टेबलवरही उभा राहील.

पत्रा कुठला? ॲल्युमिनियम चालत नाही, हे माहीत असतं. पण स्टीलमध्ये लोक फसतात. स्वयंपाकघरातल्या चांगल्या भांड्यांचं जे ३०४ स्टेनलेस असतं त्याला चुंबक जवळजवळ चिकटतच नाही. दुकानात जाताना खिशात एक चुंबक ठेवा आणि पत्र्याला लावून बघा. आमच्या भागात मी जीआय पत्रा सुचवतो, म्हणजे जस्ताचा थर असलेला. लोणावळ्यात वर्षाला साधारण चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो, जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे उघडा लोखंडी पत्रा किती टिकणार? कापलेल्या कडांवर जस्त नसतं, गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून कडांना आधी प्रायमर मारा. जाडी अर्धा मिलिमीटर पुरते. फार पातळ पत्रा, म्हणजे बिस्किटाच्या डब्याच्या झाकणासारखा, चुंबकाचा सगळा जोर पेलू शकत नाही. पत्र्यात जेवढं चुंबकीय क्षेत्र मावतं तेवढंच पकडीला उपयोगी पडतं, बाकीचं आरपार निघून जातं.

चुंबक निओडिमियमचे. हे १९८० च्या दशकात जपानमध्ये आणि अमेरिकेत वेगवेगळे, पण जवळपास एकाच वेळी विकसित झाले. तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन सहज मिळतात. ५ मिलिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर जाडीची चकती घ्या. कॅटलॉगमध्ये तिची ओढ पाव किलोच्या वर लिहिलेली दिसेल. हा आकडा जाड, साफ, बिनरंगाच्या लोखंडावर सरळ वर ओढल्यावरचा असतो. आपल्याकडे पत्रा पातळ, वर रंग, त्यावर गवताचं फ्लॉकिंग. फट वाढली की ओढ झपाट्याने कमी होते. अर्ध्या मिलिमीटरच्या फटीतही ती निम्म्यावर येऊ शकते. तरीही रेझिनमध्ये प्रिंट केलेला शिपाई चार-पाच ग्रॅमचा असतो, म्हणजे हिशेबाने पकड भरपूर उरते.

मग लोकलमध्ये हेच शिपाई ट्रेवर घसरून एका कोपऱ्यात का जमा होतात? कारण धक्का आडवा लागतो. चुंबक वर ओढायला जेवढा विरोध करतो, त्याच्या कितीतरी कमी विरोध आडवं सरकवायला करतो. तिथे फक्त घर्षण असतं, आणि निकेलचा मुलामा गुळगुळीत. लोक इथे मोठे चुंबक घेतात. मला ते पटत नाही. मोठा चुंबक घेतला की शिपाई काढताना तुम्ही त्याला बंदुकीला धरून ओढता आणि बंदूकच हातात येते. त्यापेक्षा ट्रेला दोन मिलिमीटरचा काठ द्या. आडवा धक्का काठाने घ्यायचा, चुंबकाने फक्त उभं धरायचं. दोघांची कामं वाटून दिली की लहान चुंबक पुरतो. मागच्या बाजूचा काठ मात्र उघडा ठेवा, म्हणजे शिपाई बेसला धरून किंचित तिरका केला की एका कडेने सुटतो आणि मागे सरकून बाहेर येतो. माघारीला हे बरंच शोभून दिसतं, तो योगायोग.

घोडेस्वारांचं वेगळं. बेस लांबट, त्यात मध्ये एकच चुंबक लावला तर घोडा भोवऱ्यासारखा फिरतो. पुढे एक, मागे एक, असे दोन लावा. मराठा घोडदळ मी चौकोनी रांगांत ठेवतच नाही. वेड्यावाकड्या आकाराच्या ट्रेवर पाच-सहा स्वार, मध्ये मोकळी जागा. पत्रा सगळीकडे असल्याने कुठेही उभे राहतात. ही पत्र्याची सोय जागा ठरवून लावलेल्या चुंबकांत मिळत नाही.

चिकटवण्याबद्दल एकच. सुटताना चुंबक पत्र्यावर राहिला आणि शिपाई हातात आला, तर गोंद कमी पडला असं समजा. चुंबकाची वरची बाजू पॉलिश पेपरने खरवडा आणि अराल्डाइटसारखा दोन भागांचा इपॉक्सी वापरा, रात्रभर ठेवा. ग्लू गन नको. साधे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे कायमचे कमजोर होऊ लागतात, आणि तो गरम गोंद त्याहून बराच तापलेला असतो.

आता ज्यासाठी हा भाग करायचं ठरवलं ते. गेल्या काही भागांनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे असेच बसवता येतील का, मुलांना हलवून खेळता येतील. येतील. पण वर सांगितलेली रचना मुलांच्या हातात अजिबात देऊ नका. ५ मिलिमीटरची चकती सहज गिळली जाते. एक गिळली तरी काळजीचीच गोष्ट, पण दोन गिळल्या, किंवा एक चुंबक आणि एक लोखंडी तुकडा गेला, तर त्या आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकींना खेचतात, मधली आतड्याची भिंत चिमटली जाते आणि तिला भोक पडू शकतं. सुरुवातीला मूल हसतं-खेळतं असतं, फार तर थोडं पोट दुखतं किंवा उलटी होते, त्यामुळे घरचे वाट बघतात. वाट बघायची नाही. नुसती शंका असली तरी एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच जायचं आणि चुंबक गिळल्याची शंका आहे हे शब्द स्पष्ट सांगायचे. नाणं समजून ‘पडेल शौचावाटे’ म्हणणारं कुणीतरी घरात असतंच.

किल्ल्यासाठी रचना उलटी करा. मावळ्याच्या तळाला लोखंडी वॉशर, आणि किल्ल्याच्या पायऱ्यांवर, बुरुजावर फ्रिजच्या जाहिरातींच्या चुंबकासारखी रबरी चुंबकपट्टी. ही पट्टी सपाट, मोठी, तोंडात न मावणारी कापा आणि खाली सनबोर्डला पक्की चिकटवा. पकड बरीच कमी मिळते, पण मातीच्या मावळ्याला एवढी पुरते. शिवाय वॉशरचं वजन तळाला आल्यामुळे तो मुळात कमी लवंडतो. वॉशर साधा लोखंडी, १६ मिलिमीटरच्या वरचा घ्या, लहान नको. मातीच्या मावळ्याचा तळ पोकळ आणि ओबडधोबड असतो. तो एम-सीलने भरून सपाट करा, मग वॉशर दाबा. अगदी लहान मूल घरात असेल तर हेही नको, मावळे मातीतच रोवा.

मोठ्यांसाठीही एक गोष्ट राहिली. घरात कुणाला पेसमेकर असेल तर ट्रे आणि सुटे चुंबक त्यांच्या छातीजवळ नेऊ नका, मांडीवर घेऊन दाखवायलाही नाही. उरलेल्या चकत्या मोजून, झाकणाच्या डब्यात, आकडा वर लिहून ठेवा. खेळ संपल्यावर पुन्हा मोजा. पावसाळ्यात त्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. निकेलला ओरखडा पडला की आतला चुंबक गंजतो, फुगतो आणि भुगा होतो.

पुढच्या भागात तळेगावचं तळं टेबलवर कसं करायचं ते बघू, रेझिन ओतून. तोफा बुडवायच्या आहेत.